पोछ्याची डोकेदुखी

पाळी सुटल्याचा भोंगा वाजला आणि धुलाई-कारखान्याच्या फाटकातून बायांचा लोंढा बाहेर पडला, तो घरी गेलाच नाही. सरळ रस्ता ओलांडून समोरच्या रिकाम्या गाळ्यात घुसला. कुणाचे हात कोपरापर्यंत साबणाने ओले, कुणाचं कपाळ घामाने निथळतंय, कुणी पदरानेच वारा घेतंय. आत काळे पडदे लावलेले. अंधारात एका उंच खुर्चीवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसले होते लखलखबाबा. (कपडे याच कारखान्यातून धुऊन यायचे, फुकटात.)

"कुणाचं दुखतं? कुठं दुखतं? किती दुखतं?" बाबा गरजले.

धुलाई विभागातली एक बाई पुढच्या स्टुलावर बसली. "डावीकडे, बाबा. घणाचे घाव घातल्यासारखं."

"वीज आहे! डोक्यात वीज साचली आहे! ढगात साचते तशी!" बाबांनी पितळी वाडग्यात बोटं बुडवून तिच्या कपाळावर मंतरलेलं पाणी फासलं. मग झग्यातून निळ्या काचेचा एक दिवा काढला. ना वायर, ना बटण. त्याचं बूड बाईच्या कपाळावर टेकवलं आणि—

लख्ख!

दिवा पेटला. अख्ख्या गाळ्यातून "आऽऽ" निघाला. पुढच्या दोघी-तिघींनी हात जोडले. मग बाबांनी मुठीतली पांढरी भुकटी कपाळावर घसाघसा चोळली आणि सूर लावला:

"विजे विजे वीजराणी,
सोड डोकं, पी पाणी!
चमकलीस ती धमकलीस,
उतर खाली, बास झाली!"

पुन्हा दिवा टेकवला. नाही लागला. विझलेलाच!

"उतरली!" बाबा ओरडले.

"उतरली!" गाळा ओरडला.

दाराशी दप्तर पाठीला लावून एक शाळकरी मुलगी उभी होती. तिला सगळा मोहल्ला टकळी म्हणायचा, कारण तिचं तोंड एकदा सुरू झालं की झोपेतच बंद व्हायचं. पण त्या क्षणी ते तोंड नुसतं उघडं होतं, आतून शब्दच येत नव्हता. खोटं कशाला, दिवा होताच तसा झकास.

मग स्टुलावर पुढची बाई येऊन बसली आणि टकळीचं तोंड मिटलं. ती तिची आई होती.

*

आईला अर्धशिशी होती. डॉक्टर मायग्रेन म्हणायचे. नाव काहीही घ्या, ती आली की घरातला दिवस उभाच्या उभा कोसळायचा. आधी आईच्या डोळ्यांपुढे एक चमकता ठिपका यायचा. मग त्याला करवतीसारखे दाते फुटायचे आणि ती दातेरी, लखलखती रेघ हळूहळू पसरत अर्धं जग गिळायची. टकळीच्या तोंडाचा अर्धाच भाग आईला दिसायचा. ("बरं आहे," मावशी म्हणायची, "निम्मीच बडबड दिसत असेल.") मग रेघ विरायची आणि दुखणं यायचं. ओकाऱ्या, अंधारी खोली, कपाळावर बांधलेला फडका. नळाची टपटपसुद्धा सोसायची नाही.

घरात तिघीच. आई, आईची धाकटी बहीण म्हणजे मावशी, आणि टकळी. दोघी बहिणी त्याच कारखान्यात. मावशी घड्या घालायच्या थंड, कोरड्या खोलीत. आई इस्त्री विभागात, जिथे दवाखान्यांच्या चादरी दोन तापलेल्या रुळांमधून जातात आणि वाफेने माणूसही चादरीबरोबर इस्त्री होऊन निघतो. वर ट्यूबलाइट फडफडायच्या. नुसत्या लुकलुकायच्या नाहीत, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारख्या तडफडायच्या. बायांनी मुकादमाला कितीदा सांगितलं, "साहेब, या बदला हो, डोकं फुटतं." मुकादमाचं उत्तर ठरलेलं. टकलावरचा घाम पुसत तो म्हणायचा, "मी काय काचेच्या खोलीत बसतो का? मीही इथेच असतो दिवसभर. मला आयुष्यात डोकेदुखी माहीत नाही!"

आणि एक दिवस तोच मुकादम लखलखबाबांना घेऊन आला. रिकाम्या गाळ्याची किल्लीही त्यानेच दिली. "घ्या," म्हणाला, "दोष ट्यूबलाइटचा नाही, तुमच्या डोक्याचा आहे. आता बाबा बघतील."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण बायांना हसू कुठून येणार? दिवा तर लागत होता! धुलाईतल्या बायांच्या कपाळावर लागायचा, इस्त्रीतल्यांच्या तर झगझगीत. मावशीने हौसेने कपाळ पुढे केलं तेव्हा मात्र पाण्याचं नुसतं एक बोट फिरवून मिणमिणलाच, आणि हिशेबाच्या खोलीतल्या साहेबाला पाणी न लावता टेकवला तर मुळीच लागला नाही.

"बघा," बाबा म्हणाले, "जो जास्त राबतो, त्याच्या डोक्यात जास्त वीज!"

राबणाऱ्या बायांना ते पटलं. आजवर त्यांच्या राबण्याची दखल दुसऱ्या कुणी घेतली होती?

*

"आई, तुझ्या गोळ्यांची पाकिटं कुठायत?"

संध्याकाळी टकळीने कपाट उपसलं होतं. रोज घ्यायच्या गोळ्यांचा डबा रिकामा. आणि दुखायला लागताच घ्यायची ती वेगळी गोळी, तीही गायब.

आई बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मोरीत टाकल्या."

"मोरीत?"

"बाबा म्हणाले, गोळ्या वीज कोंडतात. बाहेर पडू देत नाहीत."

"आणि तू टाकल्यास! आई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, एकदम बंद करायच्या नाहीत? मागच्या महिन्यात एकदाच दुखलं होतं तुझं. या महिन्यात चौथ्यांदा झोपलीस!"

"ए टकळे," मावशीने मधेच दटावलं, "आईशी बोलतेयस की वर्गातल्या पोरांशी? वीज निघताना त्रास होणारच. काटा काढतानाही दुखतंच की."

"काटा दिसतो तरी, मावशी!"

"दिवाही दिसतो! का तुझ्या डोळ्यांना अर्धशिशी झाली?"

आईने सुरी खाली ठेवली. "ऐक गं बाळा. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. पण त्या म्हणतात, 'आटोक्यात राहील.' बाबा म्हणतात, 'बरं होईल.' तू माझ्या जागी असतीस तर कुणाचं ऐकलं असतंस?" मग ती थांबली आणि हळूच म्हणाली, "आणि मला दिसते गं ती वीज. डोळ्यांपुढे खरीच चमकते. इतकी वर्षं मी सांगत होते, लोक म्हणायचे नाटकं करते. कामाचा कंटाळा म्हणायचे. हा पहिला माणूस, ज्याने ती चारचौघांत दाखवली."

टकळीने उपसलेलं कपाट धाडकन लावलं. तिला भयंकर राग आला. आईचा नव्हे. आईचं खरं दुखणं उचलून त्यावर आपलं दुकान थाटणाऱ्या त्या माणसाचा.

*

पुढचा झटका कामाच्या दिवशी आला. सकाळीच. आई उठलीच नाही. पडदे ओढलेल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मावशी म्हणाली, "ऐन दुखण्यात नेलं तर वीज मुळापासून निघेल." झालं! गाडी बोलावली, डोळ्यांवर फडका बांधून आईला बसवलं, आणि शाळा बुडवून टकळीही चढली.

गाळ्यात तेव्हा दहा-बारा माणसं होती. आईला स्टुलावर बसवलं. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. घाम नाही, ओल नाही. कपाळ कागदासारखं कोरडं.

बाबा तेव्हा कुणाशी तरी हसतखिदळत बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी सवयीने दिवा काढला आणि आईच्या कपाळावर टेकवला.

लागला नाही.

बाबांनी पुन्हा दाबला. नाही. आईच्या तोंडून कण्हणं निघालं. जिचं डोकं त्या घडीला खरोखर फुटत होतं, तिच्या कपाळावर दिवा ठार काळा!

"पाणी!" बाबा एकदम ओरडले. "वाडगा कुठंय? मंत्राशिवाय कसं होईल?" वाडगा आला, पाणी फासलं गेलं, दिवा टेकला. लख्ख!

"आऽऽ" झालं. मावशीने डोळे मिटून हात जोडले. टकळीने मात्र डोळे मिटले नव्हते. तिच्या डोक्यात काहीतरी खट्कन बसलं. धुलाईतल्या बायांची कपाळं ओली. इस्त्रीतल्यांची घामाने चिंब, म्हणून झगझगीत. थंड खोलीतल्या मावशीचं एका बोटाच्या पाण्यापुरतं ओलं, म्हणून मिणमिणतं. हिशेबाच्या साहेबाचं कोरडं, म्हणून अंधार. आणि भुकटी चोळून ओल टिपली, की कुणाच्याही कपाळावर अंधार. अरे, हा दिवा डोकं बघतोय की ओल?

"फार खोल गेली आहे हो वीज," बाबा मावशीला सांगत होते. "आता नुसत्या पाण्याने नाही भागायचं. सुट्टीच्या दिवशी आणा. तांब्याची सळई लालबुंद तापवून कानशिलावर टेकवतो. एकदाच. तांब्यातून वीज भसकन निघते. आयुष्याची कटकट गेली!"

कानशिलावर! डोळ्यापासून दोन बोटांवर!

"चालेल," डोळ्यांवरच्या फडक्याआडून आई म्हणाली. "काहीही करा. पण हे थांबवा."

*

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात टकळी नंबर न लावता घुसली आणि जी सुरू झाली ती थेट सळईवर येऊन थांबली. बाईंनी तपासणीची नळी गळ्यातून काढून टेबलावर आपटली. त्यांना चिडलेलं टकळीने पहिल्यांदाच पाहिलं.

"डाग देणार? त्या भागातून रक्तवाहिनी जाते, मूर्ख माणूस!" मग श्वास घेऊन म्हणाल्या, "आईला इकडे आणता येईल?"

"येणार नाही ती. तिला वीज दिसते, बाई. तुम्ही मला सांगा, डोक्यात खरंच वीज असते का?"

"असते," बाई म्हणाल्या. "तिथेच तर चोराने बरोबर बोट ठेवलंय. अर्धं खरं उचललंय त्याने."

त्यांनी टकळीला समोर बसवलं. "हे बघ. मेंदूतल्या प्रत्येक पेशीच्या कातडीला बारीक बारीक दारं असतात. इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. त्या दारांतून विद्युतभार असलेले कण ये-जा करतात. मिठातलं सोडियम, तसंच पोटॅशियम, कॅल्शियम. प्रत्येकाचं दार वेगळं. दार उघडलं, कण आत शिरले, की निरोप पुढच्या पेशीकडे जातो. दार मिटलं की थांबतो. तू आत्ता माझ्यावर डोळे वटारतेयस ना, तेही त्याच दारांच्या उघडझापीवर."

"मग अर्धशिशीत काय होतं? दारं मोडतात?"

"मोडत नाहीत. काही जणांत ती हलक्या कानाची असतात असं समज. बारीकशा निमित्ताने उघडतात, नाहीतर वेळेवर मिटत नाहीत. फडफडणारा उजेड, उपाशी पोट, अपुरी झोप, घामावाटे गेलेलं पाणी, काहीही पुरतं. मग पेशीतलं पोटॅशियम बाहेर सांडतं, शेजारची पेशी भडकते, तिच्या शेजारची भडकते. अशी एक लाट मेंदूवरून मुंगीच्या पावलांनी सरकत जाते, आणि तिच्यामागे तो भाग काही वेळ गप्प पडतो. ती लाट नजरेच्या भागावरून गेली की तुझ्या आईला दातेरी रेघ दिसते. ती नाटक करत नाही. पुढे हीच लाट मेंदूभोवतीच्या वेदनेच्या नसांना चिथावते, असं आम्हाला वाटतं."

"वाटतं?" टकळीने भुवया उंचावल्या. "तुम्हाला नक्की माहीत नाही?"

"सगळं नाही. काही घराण्यांत या दारांचा नेमका दोष सापडला आहे. सगळ्यांच्या अर्धशिशीत तेच असतं, असं आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. जेवढं माहीत आहे, तेवढंच सांगते."

टकळीला आठवलं, लखलखबाबांना मात्र सगळं माहीत असतं. सगळं, नेहमी, ताबडतोब.

"आणि ती वीज, तिच्यावर दिवा लागेल?"

बाई कडवट हसल्या. "एका पेशीपाशी एका व्होल्टच्या दहाव्या भागाएवढीही नसते. दिवा सोड, तिच्यावर काजवाही पेटायचा नाही. त्याच्या दिव्याची वीज दिव्यातच असणार."

"पण बाया म्हणतात, त्याच्याकडे जाऊन बरं वाटतं."

"काळोख्या, थंड, शांत खोलीत डोळे मिटून बसलं की वाटणारच. आणि झटका आपण होऊन ओसरतोच गं, कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांत. पहाट व्हायच्या वेळी आरवलं की कोंबड्याला वाटतं, सूर्य आपणच काढला."

दवाखान्यातून निघाली ती टकळी थेट विजेच्या सामानाच्या दुकानात. तिथे खुंटीवर तोच दिवा लटकत होता! फक्त काच निळी नव्हती. "हा कसला, काका?"

दुकानदाराने जांभई दिली. "पोटात बॅटरी असते. वीज गेली तरी जळतो. बोटं ओली करून खालच्या दोन्ही टोकांना लाव, हातातच पेटेल. पोरं खेळतात."

पोरं खेळतात! आणि इथे तिच्या आईच्या कानशिलावर सळई टेकायची होती.

तिने दिवा घरी आणला. ओल्या बटाट्यावर ठेवला. बटाटा उजळला. मावशी क्षणभर चपापली, पण लगेच नाक उडवून म्हणाली, "तुझा दिवा दुकानातला. बाबांचा सिद्ध केलेला." आईने तर कूस बदलली. "पुरे गं. बाबांचा दिवा वेगळा आहे."

ठीक. मग बाबांचाच दिवा हवा.

*

सुट्टीच्या दिवशी गाळ्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. नुकतीच फरशी पुसली होती. कोपऱ्यात बादली, बादलीत ओला पोछा. शेगडीवर तांब्याची सळई लाल होत होती. मुकादम टकलावरचा घाम पुसत पुढच्या रांगेत बसला होता. आई स्टुलावर. तिचे हात मांडीवर घट्ट गुंफलेले, बोटं पांढरी पडलेली. त्या दिवशी दुखत नव्हतं, पण भीतीनेच ती अर्धी झाली होती.

"विजे विजे वीजराणी—"

"बाबा, थांबा!" टकळी गर्दीतून घुसत पुढे आली. "आधी माझं बघा. अर्धशिशी आईकडून लेकीकडे येते म्हणतात. माझ्या डोक्यातही असेल वीज."

"गप बस गं," मावशीने दंड धरला. पण बाबांना आयतं सावज मिळालं होतं. "येऊ दे, येऊ दे! पोर शहाणी आहे."

पोर फारच शहाणी होती. घरून निघताना तिने हिवाळ्यात ओठांना लावायचं तुपकट मलम कपाळावर जाडसर थापलं होतं. अंधारात ते कुणाला दिसतंय! बाबांनी पाणी फासलं, पण अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ते ओघळून गेलं. दिवा टेकवला. नाही. पुन्हा पाणी, पुन्हा दिवा. नाही!

"हिच्यात वीज नाही," बाबा घाईने म्हणाले.

"वीज नाही की दिवा बिघडला? बघू!"

आणि कुणाला काही कळायच्या आत तिने त्यांच्या हातातून दिवा हिसकला, दोन ढांगांत कोपरा गाठला आणि त्याचं बूड पोछ्याच्या ओल्या झिपऱ्यांत खुपसलं.

लख्ख!

काळ्याकुट्ट पाण्याच्या बादलीवर, पोछ्याच्या डोक्यावर, निळा उजेड!

आणि मग मागून धुलाईतल्या कुणीतरी खणखणीत आवाजात म्हटलं, "अगं बाई! पोछ्याचं डोकं दुखतंय!"

हशा असा फुटला की पडदे हलले. बाबा खुर्चीतून उठले. "हसू नका! तुमच्या सगळ्यांच्या पायांतून उतरलेली वीज त्या पोछ्याने शोषली आहे!"

"अस्सं?" टकळी किंचाळली. "मग सळई त्यालाच लावा ना! माझ्या आईला कशाला? द्या, पोछ्याला डाग द्या! चमकलीस ती धमकलीस, म्हणा की त्याच्यापुढे!"

मावशी हलली. ती टकळीपाशी आली. चेहरा दगडासारखा. टकळीला वाटलं, आता मुस्कटात बसणार. पण मावशीने दिवा घेतला, पदराने पुसला, वळली, आणि मुकादमाच्या घामेजल्या टकलावर टेकवला.

तो असा पेटला, असा पेटला की इस्त्रीतल्या कुणाच्या कपाळावर पेटला नसेल!

"काय साहेब," मावशी म्हणाली, "आयुष्यात डोकेदुखी माहीत नाही ना तुम्हाला? मग एवढी वीज कसली साचली? लबाडीची?"

आता कुणी हसलं नाही. मुकादमाने मान खाली घातली तरी दिवा त्याच्या टकलावर जळतच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला.

बाबा दाराकडे सरकत होते. "नास्तिकांच्या पायगुणाने आज सिद्धी—"

"थांबा."

आवाज आईचा होता. ती स्टुलावरून उठली होती. तिने पितळी वाडगा उचलला, त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ," ती म्हणाली. "मिठाचं पाणी. म्हणजे दिवा हमखास लागावा." मग तिने बाबांकडे पाहिलं. "त्या दिवशी सकाळी माझं डोकं खरंच फुटत होतं. ओरडायचंही त्राण नव्हतं. पण डोळ्यांवर फडका असला तरी कान उघडे होते. तुझा दिवा लागला नाही, आणि तू पाण्यासाठी ओरडलास. मला कळलं होतं. कळून मी स्वतःला कळू दिलं नाही, कारण मला बरं व्हायचं होतं." तिने वाडगा त्याच्यापुढे धरला. "बरं व्हायच्या इच्छेचा बाजार मांडलास रे तू आमच्या! लाज नाही वाटली?"

आणि तिने वाडग्यातलं पाणी शेगडीवर ओतलं. लाल सळई फुस्सकन काळी पडली.

*

लखलखबाबा मागच्या दाराने गेले. धुवायला टाकलेले पांढरे कपडे न्यायलाही परत आले नाहीत. कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्यासमोर आता वेगळ्या रंगाचा दिवा घेऊन बसले असतील, कारण मुकादम सगळीकडे असतात आणि दुखणारी डोकीही.

सगळं आबादीआबाद झालं असंही नाही. काही बाया अजून म्हणतात, "पोरीने आगाऊपणा केला, आम्हाला बरं वाटत होतं." त्यांच्यावर टकळी चिडत नाही. आपला राग ती जपून वापरते. त्या आठवड्यात इस्त्री विभागातल्या बाया कामावर आल्या त्या डोळ्यांवर फडके बांधूनच. रुळांपाशी रांगेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ट्यूबलाइट बदलेपर्यंत अशाच उभ्या राहू." दुपारच्या आत नव्या ट्यूबलाइट आल्या. पिण्याच्या पाण्याचं पिंपही आलं आणि पाळीच्या शेवटी ढकलली जायची ती मधली सुट्टी खरोखर मधे आली. जे मंत्राने होत नव्हतं, ते मागितल्यावर झालं. अर्थात, डोळे बांधून मागितल्यावर.

आणि तुम्ही, जे हे वाचताय, तुमच्या गल्लीत उद्या कुणी दिवा लावून दाखवला, नखातून राख काढली, पाण्याला आग लावली, तर टाळ्या जरूर वाजवा. खेळ म्हणून तो छानच असतो. पण हात जोडण्याआधी दोन प्रश्न विचारा: हा कोरड्यावर लागतो का? दुखत नाही त्याच्यावरही लागतो का? आणि जो माणूस प्रश्न विचारल्यावर चिडतो, त्याच्या हातात आपलं डोकं देऊ नका. आईचं तर मुळीच नाही. "मला अजून सगळं माहीत नाही," असं म्हणणाऱ्याकडे जा. त्याला जेवढं माहीत असतं, तेवढं तरी खरं असतं.

आई पुन्हा गोळ्या घेते. अर्धशिशी गेली नाही. आटोक्यात आहे. परवा दुपारी जेवता जेवता आईचा हात थांबला. डावीकडच्या हवेत ती काहीतरी बघत होती.

"आली?" टकळीने विचारलं.

"दारं उघडली मेली," आई म्हणाली, आणि दोघी जरा हसल्या.

टकळीने पडदे ओढले. गोळी दिली, पाणी दिलं, नळ घट्ट पिळला. मग आईच्या उशाशी बसली आणि आई झोपेपर्यंत, मावशीला दाराआडून बघूनही खरं वाटलं नाही, पण एक अक्षर बोलली नाही.